आडवा पडलेला व्हिडिओ फिरवण्याआधी

मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर आत कायमचा आडवाच बसवलेला असतो. फोन उभा धरून चित्रीकरण केलं, तरी बहुतेक फोनांत फाइलमध्ये चित्र आडवंच साठतं, समजा 1920 बाय 1080 पिक्सेलचं. फोन कसा धरलाय हे ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ओळखतो आणि फोन फाइलमध्ये तशी नोंद टाकतो: दाखवताना 90 अंश फिरवा. एमपीफोर फाइलीत ही नोंद नऊ आकड्यांच्या छोट्याशा सारणीत असते. प्लेअर ती वाचतो, चित्र फिरवून दाखवतो, आणि बघणाऱ्याला यातलं काही जाणवतही नाही.

जाणवतं ते नोंद न वाचणारा प्लेअर समोर आला की. घराघरांतल्या जुन्या लॅपटॉपवर असे प्लेअर अजून आहेत. व्हीएलसीनेसुद्धा ही नोंद आपोआप वाचायला सुरुवात केली ती 2015 सालच्या 2.2 आवृत्तीपासून.

माझ्या मावशीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या आधी मावसभावाने नातेवाइकांकडून शुभेच्छांच्या क्लिप मागवल्या. नागपूरच्या मामांनी पाठवली, डोंबिवलीच्या वहिनींनी पाठवली, न्यू जर्सीहून भाचीचीही आली. त्याच्या लॅपटॉपवर सगळी मंडळी डोकं डावीकडे करून आडवी पडलेली दिसत होती. त्याने एक फुकटचं कन्व्हर्टर उतरवून घेतलं, सगळ्या क्लिप उजवीकडे 90 अंश फिरवल्या, त्याच प्लेअरवर बघून खात्री केली आणि डिस्क भरत आली म्हणून मूळ फाइली पुसून टाकल्या. मग संकलनासाठी नव्याने टाकलेलं शॉटकट हे सॉफ्टवेअर उघडलं. तिथे तीच मंडळी पुन्हा आडवी, फक्त आता डोकी उजवीकडे! त्याने प्रत्येक क्लिपला फिल्टर लावून ती उलट दिशेने फिरवली. माणसं उभी राहिली, पण चौकटीच्या मधोमध लहानशी. मोठी केली तर चेहरे फुटायला लागले. कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि सॉफ्टवेअरच बिघडलंय अशी त्याची खात्री झालेली.

मी त्या क्लिप मीडियाइन्फो या मोफत साधनात उघडल्या. रुंदी 1080, उंची 1920, रोटेशन 90 अंश. तिढा याच ओळींत होता. फोनवरून थेट आलेल्या उभ्या क्लिपची नोंद साधारण रुंदी 1920, उंची 1080, रोटेशन 90 अशी असते. इथे कन्व्हर्टरने पिक्सेल खरोखर फिरवून चित्र उभं केलं होतं, पण जुनी नोंद तशीच ठेवली होती. नोंद न वाचणाऱ्या प्लेअरला सगळं ठीक दिसलं. शॉटकटने ती इमानेइतबारे वाचली आणि उभं चित्र आणखी एकदा फिरवलं. शॉटकट, ओपनशॉट, केडीएनलाइव्ह ही तिन्ही मोफत सॉफ्टवेअर व्हिडिओ वाचण्यासाठी एफएफएमपेग या एकाच सॉफ्टवेअर-संचाचा आधार घेतात. त्यामुळे एकात क्लिप आडवी दिसली म्हणून दुसरं उतरवून बघण्यात वेळ जातो, हाती फारसं काही लागत नाही.

उपाय सोपा निघाला. लॉसलेसकट नावाचं मोफत साधन चित्राला हात न लावता फक्त नोंद बदलून नवी फाइल देतं. रोटेशन शून्य केलं, फाइल नव्याने साठवली, आणि क्लिप शॉटकटमध्ये उभ्या राहिल्या. कुठलाही फिल्टर लागला नाही. पण कन्व्हर्टरने चित्र पुन्हा आवळून बसवताना जे तपशील टाकून दिले होते, ते कुठून परत येणार? मूळ क्लिप पुन्हा मागवल्या. मामांनी फोनमधली जागा मोकळी करताना त्यांची पुसून टाकली होती. ऐंशी वर्षांच्या बहिणीशी ते ज्या मायेने बोलले, ते आता चेहऱ्यावर चौकोन उमटलेल्या त्या एकाच प्रतीत उरलं आहे. याची रुखरुख मला अजून आहे, आणि हे सगळं लिहायला बसण्याचं कारणही तेच.

म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी बघायचं ते एवढंच: चित्र चुकलंय की नोंद? चित्र बरोबर आणि नोंद चुकलेली असेल तर नोंदच दुरुस्त करावी. त्याने दर्जा तसूभरही कमी होत नाही. नोंद बरोबर असून फक्त एका जुन्या प्लेअरवर क्लिप आडवी दिसत असेल तर क्लिपला काहीच करू नये, प्लेअर बदलावा. आणि पिक्सेल फिरवायचेच असतील तर ते संकलनातच फिरवावेत. शेवटी एक्स्पोर्ट करताना चित्र नव्याने एन्कोड होणारच असतं. त्याआधी कन्व्हर्टरमधून काढण्याची फेरी फुकट दर्जा घालवते.

नोंद मुळातच चुकते ती बहुधा फोन वरून खाली रोखलेला असताना. औक्षणाचं तबक, दारातली रांगोळी, तव्यावरची पुरणपोळी असे शॉट घेताना फोन जमिनीला समांतर असतो. मग गुरुत्वाकर्षण फोनच्या पाठीतून आरपार जातं आणि उभं कुठलं, आडवं कुठलं हे फोनला ठरवता येत नाही. तो आधीची दिशा धरून बसतो. रेकॉर्डिंग सुरू करताना जी दिशा ठरली, तीच बहुतेक फोनांत शेवटपर्यंत राहते. मध्येच फोन वळवून उपयोग नसतो. अशा वेळी फोन आधी समोर सरळ धरावा, पडद्यावरची चिन्हं हवी तशी वळली की रेकॉर्डिंग सुरू करावं आणि मग हळूच खाली झुकवावा. पहिले दोन-तीन सेकंद नंतर कापता येतात.

आता चौकटीचा प्रश्न, ज्यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात. क्लिप फिरते, पण प्रकल्पाची चौकट फिरत नाही. 1920 बाय 1080च्या आडव्या चौकटीत उभी क्लिप बसवली की तिची रुंदी जेमतेम 608 पिक्सेल उरते. म्हणजे पडद्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग काळा. यात बिघाड काही नाही, हे साधं गणित आहे. उलट आडवी साठलेली क्लिप 1080 बाय 1920च्या उभ्या चौकटीत आणून 90 अंश फिरवली, तर ती मधोमध लहान दिसते. शॉटकटच्या ‘साइज, पोझिशन अँड रोटेट’ फिल्टरमध्ये झूम 177.8 टक्के केला की चौकट काठोकाठ भरते. हा आकडा 1920 भागिले 1080 यातून आला. ओपनशॉटमध्ये क्लिपवर राइट-क्लिक करून ‘रोटेट’ निवडलं तरी आकार पाहावाच लागतो. दोन्ही स्केल 1.778 करावेत.

चौकट सुरुवातीलाच ठरवलेली बरी. शॉटकट आपोआपच्या पर्यायावर असेल तर पहिल्या क्लिपवरून चौकट धरतं. उभा व्हिडिओ हवा असल्यास सेटिंग्जमधल्या ‘व्हिडिओ मोड’मध्ये ‘नॉन-ब्रॉडकास्ट’खाली ‘व्हर्टिकल एचडी’ निवडावं. ओपनशॉटमध्ये हे काम प्रोफाइल करतं, केडीएनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्ज. चौकट आडवी ठेवून सगळ्या क्लिप कुशीवर पाडायच्या आणि ‘फोन उभा धरला की बरोबर दिसेल’ म्हणायचं, असा उपाय काही जण सांगतात. तो कृपया करू नये. मोबाइलवर फोन वळवला की चित्रही वळतं, आणि टीव्हीवर तर पाहुण्यांना माना वाकड्या कराव्या लागतात.

व्हीएलसीच्या ‘इफेक्ट्स अँड फिल्टर्स’मध्ये चित्र फिरवता येतं, पण ते फक्त बघण्यापुरतं, मूळ फाइल जशीच्या तशी राहते. एव्हिडिमक्स या संकलन-साधनात व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’वर असेल तर फिल्टर लावताच येत नाही, आधी एन्कोडर निवडावा लागतो. आणि व्यासपीठामागच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसत असतील तर तो फिरवण्याचा मामला नव्हेच. तिथे आडवं फ्लिप लागतं.

नातेवाइकांकडून क्लिप मागवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं, म्हणजे फाइल न आवळता जशीच्या तशी येते. मोठ्या माणसांना हे फोनवर सांगून जमत नाही. घरातल्या नातवंडाला मध्ये घ्यावं. आलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, संकलनाला त्यांची प्रत घ्यावी. पूर्ण व्हिडिओ एक्स्पोर्ट करण्याआधी दहा सेकंदांचा तुकडा काढून तो तीन ठिकाणी लावून बघावा: स्वतःच्या संगणकावर, एखाद्या फोनवर आणि कार्यक्रमाच्या जागी जो लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडणार आहेत त्याच्यावर. हा शेवटचा लॅपटॉप आदल्या दिवशी हाती येत नसेल तर एक्स्पोर्टची फाइल मीडियाइन्फोमध्ये उघडावी. रोटेशनची ओळच दिसत नसेल आणि रुंदी-उंची चौकटीला जुळत असेल, तर तिथला प्लेअर कितीही जुना असला तरी दिशेच्या बाबतीत तो काही गडबड करू शकत नाही.