सत्तर वर्षांचे पत्र

यिर्मया 29:11 हे वचन नववर्षाच्या उपासनेत, परीक्षेस बसणाऱ्या मुलांसाठी, आजाऱ्याच्या उशाशी आपण आवडीने वाचतो. परंतु उपदेशकाने लगतचे दहावे वचन गाळले, तर श्रोत्यांच्या हाती भलतेच आश्वासन जाते.

इ.स.पू. 597 मध्ये बाबेलास नेलेल्या बंदिवानांना हे पत्र लिहिले आहे. हनन्या दोन वर्षांत सुटका सांगतो (28:3‑4). यिर्मया सत्तर वर्षे सांगतो. म्हणजे पत्र ऐकणारी वडीलधारी मंडळी परक्या देशातच मरणार होती. मग त्यांचे हित ते कोणते? घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि त्या शत्रूच्याच नगरासाठी प्रार्थना करा, असे पत्र सांगते. सातव्या वचनात ‘शालोम’ हा शब्द तीनदा येतो, अकराव्यात पुन्हा तोच. (भाषांतरात निरनिराळे शब्द योजिले की हा धागा तुटतो, दोष आम्हा भाषांतरकारांचा!) शिवाय मूळ इब्रीतील ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे. मराठीत आदरार्थी ‘तुम्ही’ एकालाही चालते, म्हणून जो तो ते वचन आपल्या एकट्याचे समजतो.

इंदूर, हैदराबाद येथील मराठी मंडळ्यांत ‘आम्ही येथले नव्हेत’ असे म्हणत पिढ्या सरल्या. तेथे हे पत्र पहिल्या वचनापासून चौदाव्यापर्यंत वाचावे, आणि त्याच उपासनेत त्या शहराच्या पाण्यासाठी, इस्पितळांसाठी, शेजाऱ्यांसाठी नावे घेऊन प्रार्थना करावी. आजाऱ्याच्या उशाशी मात्र हनन्याची दोन वर्षे कोणी सांगू नयेत.