वहाण, जोडा आणि अनवाणी

आमच्या बिदर-कलबुर्गीकडं पायात घालायच्या वस्तूला एक नाव पुरत नाही. मराठीत वहाण, जोडा, पायताण. कन्नडमध्ये चप्पलि, जोडु. यातले दोन शब्द उलगडून पाहू या.

पहिला, वहाण. संस्कृत 'उपानह्' म्हणजे पायाला बांधलेलं. प्राकृतात त्याचं 'वाहणा' झालं, मराठीत वहाण, कोकणीत व्हाण. हिंदीतली 'पनही' त्याच घरची. 'अनवाणी'तही तीच लपलेली आहे : पायात वहाण नसलेला.

दुसरा, जोडा. मूळ अर्थ जोडी. एका पायाचा काय उपयोग? म्हणून जोडीचंच नाव वस्तूला लागलं. नवरा-बायकोही जोडाच. कन्नड 'जोडु'लाही हे दोन्ही अर्थ आहेत.

बसवकल्याणच्या हरळय्यांच्या कथेत हे अर्थ एकत्र येतात. बाराव्या शतकातले हे चर्मकार शरण. त्यांनी आणि पत्नी कल्याणम्मांनी स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवण्णांसाठी केले. बसवण्णांनी ते पायात न घालता मस्तकी धरले, असं परंपरा सांगते. पुढे त्यांच्या मुलाचं ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी लग्न झालं, आणि त्या जोड्यापायी दोन्ही बापांना देहदंड मिळाला. गिरीश कर्नाडांचं १९९० सालचं 'तलेदंड' नाटक याच काळावर आहे.

आपण मात्र अजून म्हणतो, 'पायातली वहाण पायातच बरी.' ही म्हण वापरताना डोळ्यांपुढे माणूस असतो, त्यानं वर येऊ नये म्हणून. हरळय्यांच्या मुलखात राहणाऱ्यांनी तरी ती सोडून द्यावी, असं मला वाटतं.