आपोआप बरं झालं होतं

माझं लग्न का मोडलं, याची निदान तीन कारणं आमच्या नातेवाइकांत फिरत आहेत. एक देण्याघेण्याचं, एक माझ्या नोकरीचं आणि तिसरं नियोजित नवऱ्याच्या आईने पसरवलेलं: "पोरीलाच काहीतरी आजार आहे." आजार होता, हे खरं. तो कुठून आला, हे मात्र त्या बाईंनी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगते.

साखरपुड्यानंतर आम्ही भेटायचो. "लग्नाआधी तसलं काही नको," हे त्याचंच म्हणणं. 'तसलं' म्हणजे फक्त एक गोष्ट. त्याच्या हिशेबात ओरल त्यात मोडतच नव्हतं. मी कंडोमचा विषय काढला तर हसला. "काहून टेन्शन घेऊन राहिली? याने दिवस जातात का कोणाला?"

पुढे खालच्या ओठाच्या आत एक फोड आला. आईने उष्णता म्हणून सब्जाचं पाणी सुरू केलं. नागपुरात मे महिन्यात काहीही झालं तरी ती उष्णताच असते. नेहमीच्या डॉक्टरांनी पोट साफ होतं का, एवढं विचारून बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं. पुरुष असते तर निदान खर्रा खाता का, हे तरी विचारलं असतं. त्या फोडाची कड टणक होती आणि तो दुखत नव्हता. एरवी तोंड आलं की साधं वरण झोंबतं. या वेळी सावजीचा रस्साही झोंबला नाही. सिफिलिसचा पहिला फोड बहुतेक वेळा असाच असतो, न दुखणारा. संपर्कानंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो, पण १० ते ९० दिवसांत कधीही येऊ शकतो, आणि औषध न घेताही ३ ते ६ आठवड्यांत जातो. माझाही गेला. श्रेय बी-कॉम्प्लेक्सला मिळालं.

मग तळहातांवर तांबूस ठिपके आले. खाज नाही, काही नाही. मावसबहिणीच्या लग्नातल्या मेंदीची ॲलर्जी, असं घरात ठरलं. शेवटी धंतोलीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "चप्पल काढ." तळपायांवरही तेच ठिपके होते. मी ते पाहिलेच नव्हते. त्यांनी आईला बाहेर बसायला सांगितलं.

"संबंध आलाय का कुणाशी?"

"नाही."

"तोंडाने?"

मी गप्प बसले. त्यांनी मान वर न करता कागदावर लिहिलं: व्हीडीआरएल, टीपीएचए (दोन्ही सिफिलिसच्या रक्ततपासण्या), एचआयव्ही.

रिपोर्ट घ्यायला गेले तर काउंटरवरच्या पोराने भरलेल्या हॉलमध्ये आवाज दिला, "व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह कोणाचं आहे?" त्या पोराला मी अजून माफ केलेलं नाही. एचआयव्ही निगेटिव्ह होता. सिफिलिस होता.

उपचार म्हणाल तर साधा. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही ना, हे पाहून बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, अर्धं एका कुल्ल्यात, अर्धं दुसऱ्यात. औषध दाट असतं, त्यामुळे नंतर खुर्चीत धड बसवत नाही. रात्री थंडी वाजून ताप आला. जंतू मरायला लागले की असा ताप येऊ शकतो आणि दिवसभरात उतरतो, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही.

त्याला फोन केला. पहिलं वाक्य: "कोणाकडून आणलंस तू हे?" मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री त्याचाच फोन आला, आवाज जरा खाली आलेला. म्हणाला, पुण्यात नोकरीला होतो तेव्हा खाली एक फोड आला होता, "पण ते आपोआप बरं झालं होतं. डॉक्टरकडे जायचंही काम पडलं नाही." हे तो स्वतःच्या बचावासाठी सांगत होता! फोड आला, दुखला नाही, आपोआप गेला. माझ्या डॉक्टरांनी सकाळी जे लक्षण सांगितलं, तेच हा रात्री निर्दोष असल्याचा दाखला म्हणून देत होता. फोड जातो तेव्हा जंतू जात नाहीत, ते शरीरात राहतात. मी म्हटलं, तू तपासून घे. तो म्हणाला, मला काही होत नाहीये, मी कशाला तपासू? दोन दिवसांनी त्याच्या आईचा माझ्या आईला फोन.

आता ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी.

ओरलमधून एचआयव्ही होण्याची शक्यता फारच कमी असते. त्यामुळेच लोक ते सगळंच सुरक्षित समजतात. सिफिलिस, गनोरिया, हर्पिस आणि एचपीव्ही यांना तोंड चालतं. ताप आल्यावर ओठावर उठणारी पुटकुळी बहुधा हर्पिसचीच असते आणि तोंडावाटे जोडीदाराच्या गुप्तांगाला लागू शकते. तशी पुटकुळी, फोड किंवा रक्त येणाऱ्या हिरड्या असतील तर त्या दिवसांत नाही म्हणा.

घशातल्या गनोरियाला बहुतेकदा लक्षणंच नसतात, आणि रक्त-लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. घशाचा स्वॅब लागतो. म्हणून डॉक्टरांना 'तोंडाने' हा शब्द स्वतःहून सांगा. ते विचारतील याची वाट पाहू नका. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी विचारलं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' काढून असल्या विषयांवर उघड लिहिलं, खटले अंगावर घेतले, आणि आज शंभर वर्षं होत आली तरी आमच्या वस्तीतला डॉक्टर पोट साफ होतं का, इथेच थांबतो.

संपर्क होऊन थोडेच दिवस झाले असतील तर व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते. काही आठवड्यांनी पुन्हा करा. उपचारानंतरही ती ठरावीक अंतराने करून आकडा उतरतोय ना, हे पाहावं लागतं. टीपीएचए मात्र बहुतेकांची आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. पुढे गरोदरपणात कुणी ती पाहून दचकेल, म्हणून उपचाराचा कागद जपून ठेवा. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असंही नाही. जोडीदाराने इंजेक्शन घेतलं नाही तर तुमचं फुकट जाऊ शकतं.

फ्लेवरवाले कंडोम ओरलसाठीच असतात, चेष्टेसाठी नाही. बाईच्या बाजूने हवा असेल तर कंडोम उभा कापून पडद्यासारखा वापरता येतो. एचपीव्हीची लस मुलींइतकीच मुलांनाही आहे. मेडिकल दुकानातून अंदाजाने अँटिबायोटिक घेऊ नका, आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींकडे तर अजिबात जाऊ नका. १९५४ च्या कायद्याने त्या जाहिरातींना बंदी आहे, तरी त्या आहेतच. पैशांची अडचण असेल तर नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत. १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. स्वतःला जपा, घाबरू नका, वगैरे सगळे सांगतातच.

त्याच्यासाठी पुन्हा मुली बघताहेत, असं कानावर आलंय. त्याने इंजेक्शन घेतलं का, मला माहीत नाही. त्या मुलीला मी सांगायला गेले तर माझा जळफळाट ठरेल. म्हणून सगळ्याच मुलींना सांगते: फोड आला होता आणि आपोआप गेला, असं कुणी म्हणालं तर आधी त्याला रक्त तपासायला पाठवा. रिपोर्ट हातात घेऊन स्वतः वाचा. मग साखरपुड्याची तारीख काढा.