गोटी कुठे जाईल?

साहित्य: काचेच्या दोन-तीन गोट्या, मीटरभर लांबीची एक इंची पारदर्शक नळी, चिकटपट्टी, दोन रंगांचे खडू आणि पाच ते बारा वर्षांची जमतील तेवढी मुलं.

आधी फरशी तपासा. आपल्या घरांत तिला बहुधा मोरीकडे उतार असतो. नुसती ठेवलेली गोटी आपणहून निघाली, तर ती जागा सोडा.

नळी घोड्याच्या नालेसारखी वाकवून जमिनीला चिकटवा. गोटी बाहेर पडते ते टोक तोंडापर्यंत वळलेलं हवं. शेवटची चार बोटं सरळ राहिली तर प्रश्नातला पेचच जातो. दुसरं टोक दोन जाड पुस्तकांवर टेकवा, म्हणजे टिचकी मारावी लागत नाही आणि वेग दर वेळी साधारण सारखा राहतो.

आता खरं काम. गोटी सोडण्याआधी मुलाच्या हातात खडू द्या: “बाहेर आल्यावर ती कुठून जाईल? रेघ काढ.” एकेकाला वेगळं बोलवा आणि रेघ मनात ठेवून पुसा, नाहीतर पुढचा तीच गिरवतो. “असं का?” हेही विचारा. माझ्या चौथीतल्या भाचीने नळीचं वळण तसंच पुढे काढत नेलं. म्हणाली, “मघापासून वळतेय ना ती, मग थोडा वेळ वळणारच!”

हसू नका. १९८० साली अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना अशाच नळ्यांची चित्रं दाखवली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी वाकडीच रेघ काढली होती. १९८६च्या अशाच एका अभ्यासात तर बालवाडीतली मुलं कॉलेजवाल्यांच्या बरोबरीने उतरली. जास्त चुकली ती मधली, शाळेतली.

मग गोटी सोडा. ती सरळ जाते. तिची वाट दुसऱ्या रंगाने आखा आणि गप्प बसा. न्यूटन काढायची घाई मोठ्यांनाच असते. फार तर एवढंच विचारा: “आत होती तेव्हा तिला वळवत कोण होतं?” बोट नळीच्या भिंतीकडे गेलं की झालं. नाही गेलं तर पुन्हा सोडा.

उत्साह उरला तर जमिनीवर ताट ठेवून, पळता पळता त्यात मोज्यांचा गोळा टाकायला सांगा. ताटाच्या बरोब्बर वर आल्यावर सोडलेला गोळा पुढे जाऊन पडतो.

घरात रांगतं बाळ असेल, तर आवरताना गोट्या मोजून घ्या.