गप्प बसलेल्या ताईला समजलंय का?

एका गटात मी व्याजाचा हिशेब शिकवला. “समजलं का?” विचारल्यावर चार-पाच जणी मोठ्यानं “हो” म्हणाल्या. बैठक उठल्यावर कोपऱ्यातल्या ताई हळूच म्हणाल्या, “मॅडम, 5,000 घेतले, 500 मुद्दल फेडलं. तरी व्याज 100 च कसं?”

वही बघितली. महिना शेकडा 2 रुपये दरानं उरलेल्या 4,500 वर 90 च हवे होते. चूक त्यांना दिसली होती. बोलायला सवड मीच दिली नव्हती.

स्वभाव वेगळे, तशी शिकायची रीतही वेगळी. आता मी असं करते :

• अबोल ताई : आधी शेजारणीला सांगायचं, मग गटाला.
• बोलक्या ताई : विषय त्यांनी समजावायचा, पण उत्तर शेवटी द्यायचं.
• करून बघणाऱ्या ताई : दहा चिंचोके मांडायचे, एक म्हणजे 500 रुपये. हप्ता भरला की एक उचलायचा, व्याज उरलेल्यांवर.
• शंका काढणाऱ्या ताई : वही तपासायला त्यांच्याच हातात.

पुढच्या बैठकीचा अभ्यास : “समजलं का?” विचारू नका. कर्ज घेतलेल्या प्रत्येकीला विचारा, “ताई, तुमचं या महिन्याचं व्याज किती?” उत्तर वहीशी जुळवून बघा.