डोळ्यांसमोर असून न दिसणारी वस्तू

अंगावर घेताच माणूस दिसेनासा होतो अशी शाल गोष्टींत आढळते. पण समोर असूनही न दिसणारी एक खरी वस्तू पुणे जिल्ह्यात चाकणजवळच्या महाळुंगे गावच्या रस्त्यांवरून रोज ये-जा करते. या परिसरात मोटारींचे कारखाने आहेत. फोक्सवॅगनचा कारखाना येथे २००९ साली सुरू झाला. मोटारीची समोरची काच एकसंध दिसते, पण तिच्यात तीन थर असतात : दोन काचा आणि मध्ये सुमारे पाऊण मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा. हा पापुद्रा आपल्याला का दिसत नाही?

वस्तू दिसते कशी?

वस्तू प्रकाश शोषते, परावर्तित करते किंवा वाकवते. म्हणून ती दिसते. स्वच्छ काच प्रकाश फारसा शोषत नाही. तरी ती दिसते, कारण हवेतून काचेत शिरताना प्रकाशाचा वेग बदलतो. निर्वातातील वेगाला पदार्थातील वेगाने भागले की त्या पदार्थाचा वक्रीभवनांक मिळतो. हवेचा जवळजवळ १, पाण्याचा १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५२.

प्रकाश पृष्ठभागावर लंब पडला, तर किती भाग परत फिरतो हे काढणे सोपे आहे. दोन वक्रीभवनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा.

हवा आणि काच : (०.५२ ÷ २.५२)² = सुमारे ४ टक्के
पाणी आणि काच : (०.१९ ÷ २.८५)² = सुमारे ०.४ टक्के

दोन्ही अंक सारखे झाले तर? वजाबाकी शून्य! प्रकाश परतही फिरणार नाही आणि वाकणारही नाही. वस्तू जागेवरच राहील, पण दिसणार नाही.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतून बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी आणि एक चंचुपात्र घ्या. औषधाच्या दुकानातून शुद्ध ग्लिसरीन आणा. त्याचा आणि या काचेचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखाच, सुमारे १.४७ असतो. चंचुपात्रात ग्लिसरीन ओतून रिकामी नळी त्यात बुडवा. नळी दिसते, कारण आत हवा आहे. आता नळीतही हळूहळू ग्लिसरीन ओता. बुडालेला भाग पाहता पाहता नाहीसा होईल! हाच प्रयोग पाण्यात करा आणि फरक टिपून ठेवा. ग्लिसरीनमध्ये पाणी मिसळू देऊ नका. त्याने वक्रीभवनांक उतरतो.

भज्यांच्या पुड्याचा कागद तेलाने अर्धपारदर्शक होतो, तो याच कारणाने. कागदाच्या तंतूंमधली हवा जाऊन तेथे तंतूंच्या जवळपासचा वक्रीभवनांक असलेले तेल येते.

जीव वाचवणारी अदृश्यता

१९०३ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ एद्वार बेनेदिक्तुस यांच्या हातून काचेचा चंबू पडला. तो तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून चिकटला होता. सुरक्षा काचेची कल्पना त्यातून निघाली. आज मधल्या थरासाठी पॉलिव्हिनाइल ब्युटिरल वापरतात. त्याचा वक्रीभवनांक सुमारे १.४८ आहे. वरच्या सूत्रात हा अंक घाला : काच आणि पापुद्रा यांच्या सीमेवरून दहा हजारांतले फक्त दोन भाग प्रकाश परततो. म्हणून चालकाला रस्ता स्वच्छ दिसतो, आणि अपघातात फुटलेले तुकडे मात्र पापुद्र्यालाच चिकटून राहतात. थर सुटून मध्ये हवा शिरली, की तेवढा भाग लगेच नजरेला दिसू लागतो.

मग माणूस अदृश्य होईल का?

एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीतील शास्त्रज्ञ हीच युक्ती स्वतःच्या शरीरावर करतो. अडचण अशी, की शरीरातील पाणी, चरबी आणि प्रथिने यांचे वक्रीभवनांक वेगवेगळे असतात. तरी २०२४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी टार्ट्राझीन या खाद्यरंगाचे द्रावण उंदरांच्या त्वचेवर चोळून ती काही काळ पारदर्शक केली. रंगामुळे त्वचेतील पाण्याचा वक्रीभवनांक वाढून चरबीच्या जवळ गेला. धुतल्यावर त्वचा पूर्ववत झाली. हा प्रयोग मात्र तुम्ही करू नका.

विचार करा

१. काचेचा चुरा पांढरा का दिसतो? त्यावर ग्लिसरीन ओतल्यास काय होईल?
२. डोळ्यांतील पडदा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला दिसते. मग पूर्णपणे अदृश्य झालेल्या माणसाला स्वतःला काही दिसेल का?