गरिबीची रेषा आणि आळसाचे भय

फुकटच्या धान्याने मजूर आळशी झाला, आता खुरपणीस बायका मिळत नाहीत व कापणीस गडी मिळत नाही, अशी तक्रार सुगीच्या दिवसांत बहुतेक प्रत्येक गावी ऐकू येते. तक्रार करणारे आपण जमीनवालेच असतो. सबब तिची छाननीही आपणच करणे योग्य होय. गरीब कोणास म्हणावे आणि मदतीने माणूस परावलंबी होतो काय, हे दोन प्रश्न वेगळे दिसतात. परंतु दुसऱ्याचे उत्तर पहिल्यात दडलेले आहे असे आमचे मत आहे.

गरिबीचे माप. दादाभाई नौरोजी यांनी 1876 साली मुंबईस वाचलेल्या निबंधात, ब्रिटिश हिंदुस्थानात दर माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे 20 रुपये पडते, असा हिशेब मांडला. आणि तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रास याहून अधिक खर्च येतो, हे दाखविले. पुढे 1971 साली पुण्याच्या वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी रोजच्या 2,250 उष्मांकांच्या अन्नावरून माप घेतले. 1960-61 च्या भावाने खेड्यात दरमहा माणशी 15 रुपये व शहरात साडेबावीस रुपये, ही त्यांची रेषा होती. तिच्या खाली खेड्यांतील सुमारे 40 टक्के व शहरांतील सुमारे 50 टक्के लोक होते. शहराची रेषा उंच का, हे शेतकऱ्यास सांगणे नको. खेड्यात सरपण व रानभाजी बांधावर मिळते, शहरात चूल पेटविण्यासही पैसा मोजावा लागतो.

रेषेचा दोष. रेषा मोजणीस चांगली. परंतु तीच मदतीचे दार झाली म्हणजे अडचण येते. अन्नसुरक्षेचा 2013 चा कायदा महाराष्ट्रात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला, तेव्हा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात 59,000 व खेड्यात 44,000 रुपये ठरली, आणि धान्य दरमहा माणशी 5 किलो. आता वांद्र्याच्या एका चाळीत शेजारी राहणारी पाच-पाच माणसांची दोन कुटुंबे घ्या. एकाचे उत्पन्न 58,000, दुसऱ्याचे 60,000. नियम जशाचा तसा चालविला, तर पहिल्यास वर्षाकाठी 300 किलो धान्य मिळेल, दुसऱ्यास काहीच नाही. किलोस 20 रुपये धरले तरी ते 6,000 रुपयांचे धान्य झाले. म्हणजे 2,000 अधिक मिळविणारा 4,000 नी मागे पडला! अशा वेळी कोणी रेषेखाली राहणे पसंत केले, तर तो आळस नव्हे. बाजारभाव पाहून पीक बदलणाऱ्या शेतकऱ्याचाच तो हिशेब होय. दोष मदतीचा नाही, रेषा ओलांडताच सर्व काढून घेण्याचा आहे.

रेषेवाचून मदत. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना 1972 साली राज्यभर आली. तिचा कायदा 1977 साली मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. तिने कोणाचे उत्पन्न विचारले नाही. कामास तयार असणे एवढीच कसोटी ठेविली. ज्यास दुसरे बरे काम आहे तो उन्हात खडी फोडण्यास येत नाही. या कामांवरील गर्दी चैत्र-वैशाखात वाढे आणि पाऊस पडून पेरण्या लागल्या म्हणजे ओसरे. मजुरास सरकारी कामाची चटक लागली असती तर तो आषाढातही तेथेच राहिला असता.

परंतु कसोटीच्या नावाखाली मजुरी फार कापणे हाही अपराधच. 1877 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने दिवसाची मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर अर्धा आणा एवढ्यावर आणली गेली, तेव्हा आपल्या इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. उपाशी माणसाकडून काम होत नाही.

आपला हिशेब. रोजगार हमीसाठी 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर बसला. वांद्र्याच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून तो कापला जातो. आपल्या बागायती जमिनीवरही उपकर बसला. म्हणून बोलण्याचा हक्क आपणांस आहे खरा. परंतु 1990 साली याच योजनेशी जोडून फळबाग लागवडीस अनुदान मिळाले, तेव्हा आंबा, काजू, डाळिंबाची झाडे आपल्याच रानात उभी राहिली. त्या अनुदानाने आपण परावलंबी झालो असे कोणी म्हणत नाही. मग मजुराच्या पाच किलोंनीच तो कसा बिघडतो?

यास्तव आमची सूचना अशी. जे वृद्ध, अपंग वा निराधार आहेत त्यांस कसोटी न लावता द्यावे. जे धडधाकट आहेत त्यांस काम व वेळेवर पुरती मजुरी द्यावी. जे रेषा ओलांडतात त्यांची मदत एकदम न तोडता पायरीपायरीने कमी करावी. आणि खुरपणीस माणूस मिळत नसेल, तर त्याच्या शिधापत्रिकेकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण देऊ केलेली मजुरी एकदा मोजून पाहावी.